सातबाऱ्यावर जंगलाचा बोजा

आमच्या गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली पाच माणसं आता हयात नाहीत, सात मुंबईत असतात, दोन पुण्यात, एक सुरतेला आणि दोघंच गावात. जमीन संगमेश्वर तालुक्यात, डोंगरउताराची, वरकस. भात तिथे होत नाही. मधून एक पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओहळ, खाली उतरतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा अशी दाटी आहे. आजोबांच्या वेळेपासून तिथे कोणी फारसं लक्ष दिलं नाही, म्हणून ते जंगल राहिलं.

दिवाळी झाली की कोणाला तरी फोन येतो. उभं जंगल उक्तं घेतो, भाव बोला. गेल्या वर्षी तो फोन मला आला. नाही म्हणायला मला एक मिनिटही लागलं नाही. पण माझ्या नाही म्हणण्याला किती वर्षांचं आयुष्य आहे, हा प्रश्न नंतर बरेच दिवस डोक्यात राहिला. उद्या सतरापैकी कोणाला पैशांची नड आली, वाटणी झाली, कोणी हिस्सा विकला, तर? जंगल उभं राहायला साठ-सत्तर वर्षं लागली. तोडायला एक हंगाम पुरतो. मालकाची इच्छा मालकाच्या पश्चात टिकवायची कशी, याचं उत्तर शोधताना जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं, ते इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो आहे.

आधी नदीबद्दल. नदी वाचवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पात्र येतं: गाळ, वाळूउपसा, सांडपाणी. पात्र साधारणपणे सरकारच्या मालकीचं असतं. पण नदी घडते ती पात्रात नाही. शास्त्री नदी प्रचितगडाच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते आणि जयगडला समुद्राला मिळते. वाटेत संगमेश्वरला तिला सोनवी मिळते. या दोघींना पाणी देतात ते शेकडो पऱ्ये आणि वहाळ, आणि ते वाहतात कोणाच्या ना कोणाच्या सर्व्हे नंबरातून. नदीच्या साऱ्या फाट्यांची लांबी मोजली तर बहुतांश लांबी या बारक्या प्रवाहांचीच भरते.

पऱ्याच्या काठावरची झाडं चार कामं करतात. सावली धरतात, त्यामुळे पाणी थंड राहतं, आणि थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. त्यांचा पाला पाण्यात पडतो, तो कुजतो, त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे आणि बेडूक. मुळं काठाची माती धरून ठेवतात. आणि जंगलाच्या भुसभुशीत जमिनीत पाऊस मुरतो, तो नंतर सावकाश पाझरत राहतो, म्हणून पऱ्या पौषापर्यंत तरी वाहता राहतो. काठ उघडा पडला की पहिल्याच पावसात माती सुटते. ती बारीक माती खडे-गोट्यांमधल्या फटी बुजवते. त्या फटींतच माशांची अंडी आणि पाणकिडे असतात. बाकीची माती खाली जाते आणि नदीत बसते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं. तेवढा पाऊस कोसळल्यावर वरचं जंगल शाबूत असतं तर पूर आलाच नसता, असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण त्यानंतर नदीतून यंत्रांनी जो गाळ उपसावा लागला, तो कुठल्या तरी उतारावरची माती होती, एवढं खरं.

आता मालकी. सह्याद्रीच्या माथ्यावर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथून कोकणात उतरायला लागलं की चित्र पालटतं. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं जंगल अगदी थोडं आहे. बहुतेक सारं खासगी, माझ्यासारख्या सतरा-सतरा नावांच्या सातबाऱ्यांवर विखुरलेलं. धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि काही महिने नर आणून देईल त्या फळांवर जगते. ती ढोली ज्या जुन्या बेहड्यात असते, तो बेहडा बहुधा कोणाच्या तरी वाटणीतला असतो. म्हणजे या भागातलं वन्यजीवन आणि नद्यांचे उगम सांभाळायचे तर अभयारण्याची हद्द वाढवून भागणार नाही. मालकाशी बोलावं लागेल.

मालकाशी काय बोलायचं, यावर बराच वापरला गेलेला एक उपाय अमेरिकेतला आहे. तिथे त्याला कन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात. नाव जड आहे, कल्पना आपल्याला परकी नाही. कोकणात जमीन एकाची असते, तिच्यातल्या कलमांचं पीक खंडाने दुसऱ्याने घेतलेलं असतं, मधून जाणाऱ्या पायवाटेवर तिसऱ्याची वहिवाट असते आणि विहिरीच्या पाण्यात चौथ्याचा वाटा असतो. मालकी एक असली तरी तिच्या पोटात हक्क अनेक असतात आणि ते वेगवेगळ्या हातांत राहू शकतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जगत आलोय. अमेरिकेतल्या कायद्याने एवढंच केलं की त्यातले दोन-चार हक्क, म्हणजे जमिनीचे तुकडे पाडून प्लॉट विकण्याचा, इमारती उठवण्याचा, जंगल साफ करण्याचा, मालकाने कायमचे सोडून द्यायचे अशी सोय केली. बाकी सगळं त्याचंच राहतं. तो तिथे राहतो, शेती करतो, गुरं चारतो, जमीन विकतो, मुलांना देतो. सोडलेले हक्क एका न्यासाकडे किंवा सरकारी खात्याकडे जातात, पण वापरण्यासाठी नव्हे. कोणालाच ते वापरता येऊ नयेत, एवढ्यासाठीच न्यासाने ते धरून ठेवायचे.

आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो, तसा हा जंगलाचा बोजा. बँकेचा बोजा कर्ज फिटलं की उतरतो. हा उतरत नाही. जमीन ज्याच्या हाती जाईल त्याच्याबरोबर हा बोजाही जातो.

याचं सर्वात बोलकं उदाहरण मला माँटाना राज्यातल्या ब्लॅकफूट नदीचं वाटतं. सुमारे २१० किलोमीटरची नदी, रॉकी पर्वतात उगम पावणारी, दोन्ही काठांना गुरं पाळणाऱ्यांची मोठमोठी कुरणं. १९७० च्या दशकात तिथे बाहेरून माणसं येऊ लागली, कोणी मासे धरायला, कोणी होड्या घेऊन, कोणी काठावर घर बांधायला जागा शोधत. कुरणवाल्यांना दिसू लागलं की जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकल्या जाणार आणि नदीकाठी बंगल्यांची रांग उठणार. त्यांनी न्यास आणि राज्य सरकारबरोबर बसून बोलणी सुरू केली. १९७५ मध्ये माँटानाने अशा स्वेच्छेच्या करारांना मान्यता देणारा कायदा केला आणि १९७६ मध्ये राज्यातला पहिला करार याच नदीच्या काठी झाला. पाहुण्यांचा प्रश्नही त्यांनी व्यवहाराने सोडवला. नदीच्या एका लांब पट्ट्यात खासगी जमिनीतून लोकांना ये-जा करू द्यायची आणि त्या बदल्यात देखरेख सरकारी खात्याने करायची.

१९९३ मध्ये तिथल्या जमीनमालकांनी ब्लॅकफूट चॅलेंज नावाची संस्था स्थापली. तिच्या बैठकीला कुरणवाला, वनअधिकारी, लाकूड कंपनीचा माणूस आणि मासेमारीवाला एकाच टेबलाशी बसतो. तिथला बुल ट्राउट हा मासा फार थंड आणि स्वच्छ पाण्यातच जगतो. १९९८ मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. त्याच्यासाठी उपनद्यांच्या काठी कुंपणं घालून गुरांना पाण्यापासून दूर ठेवलं, काठाची झुडपं परत येऊ दिली आणि शेतीच्या पाटात मासे शिरून मरू नयेत म्हणून पाटांच्या तोंडाला जाळ्या बसवल्या. ग्रिझली अस्वलं वासरांमागे येत, म्हणून वासरांच्या वाड्यांना विजेची कुंपणं केली आणि मेलेली गुरं गोळा करून लांब नेऊन टाकायची व्यवस्था लावली. मला यात सर्वात महत्त्वाचं हे वाटतं की अस्वलाला शत्रू मानणाऱ्या माणसाला कोणी प्रवचन दिलं नाही. त्याच्या वासराची सोय केली.

पैशांचं गणित कसं चालतं? समजा, जमिनीचा बाजारभाव १ कोटी आहे. त्यावर प्लॉट पाडायला बंदी आली तर तिला ६० लाखच मिळतील. मधले ४० लाख ही सोडलेल्या हक्कांची किंमत. मालकाने ते हक्क दान दिले तर ४० लाखांचं दान समजून त्याला आयकरात सवलत मिळते. ही सवलत तिथे १९७६ मध्ये आली आणि १९८० मध्ये कायमची झाली. काही ठिकाणी न्यास किंवा सरकार हे हक्क चक्क पैसे मोजून विकत घेतं. करार होताना जमिनीची नोंद करतात. कुठे किती जंगल आहे, घरं किती, रस्ते कुठून, नदीचा काठ कसा, सगळ्याचे नकाशे आणि फोटो. पुढे दरवर्षी न्यासाचा माणूस येऊन त्या नोंदीशी ताडून पाहतो. नव्या मालकाने करार मोडला तर न्यास कोर्टात जातो. ही दरवर्षीची फेरी फार मोलाची आहे. ती नसेल तर कायमचा करार कपाटातच कायमचा राहतो.

या पद्धतीत खोट नाही असं नाही. काही गुंतवणूकदारांनी टोळ्या करून स्वस्तात जमिनी घेतल्या, सोडलेल्या हक्कांची किंमत कितीतरी पट फुगवून दाखवली आणि करसवलती उपटल्या. २०१७ मध्ये तिथल्या आयकर खात्याने अशा व्यवहारांवर नजर ठेवायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्याने गुंतवणुकीच्या अडीचपटीवरचे दावे जवळपास बंद केले. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आजच्या माणसाने पुढच्या सगळ्या पिढ्यांचे हात बांधावेत का? मी यावर बराच विचार केला. तोडलेलं जंगलही पुढच्या पिढ्यांचे हात बांधतंच, आणि त्याला कोणाची सही लागत नाही. म्हणून मी करारांच्या बाजूने आहे.

मग आपण सतरा जणांनी असा बोजा चढवायचा ठरवला तर? आजच्या कायद्यात सरळ वाट नाही. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा, पाणी नेण्याचा हक्क तो देतो. पण तो हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो. तो धरणाऱ्याकडे लाभ घेणारी जमीन असावी लागते. पुण्यातल्या न्यासाची संगमेश्वरात जमीनच नसेल तर तो आमच्या पऱ्यावर असा हक्क सांगू शकत नाही. साधा करारनामा करता येतो, पण तो मुख्यतः सही करणाऱ्यांना बांधतो. जमीन विकत घेणाऱ्या परक्यावर तो लादताना वकिलाचा घाम निघतो. करसवलतीचंही तेच. शेतीच्या उत्पन्नाला आपल्याकडे आयकरच नाही, तेव्हा गावातल्या शेतकऱ्याला सवलतीचं आमिष कसलं दाखवणार? अमेरिकेचा साचा उचलून इथे बसवा म्हणणाऱ्यांनी हे दोन मुद्दे आधी पाहावेत.

जमीन सरळ विकत घेऊन सांभाळणं हा दुसरा मार्ग. कोडगू जिल्ह्यात अनिल आणि पामेला मल्होत्रा या दांपत्याने १९९१ मध्ये ५५ एकरांपासून सुरुवात केली आणि ओसाड पडलेल्या शेतजमिनी घेत घेत सुमारे ३०० एकरांचं साई अभयारण्य उभं केलं. आज तिथे हत्ती येतात. केरळात वायनाडमध्ये हत्तींच्या एका वाटेवरच्या जमिनी वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने घेतल्या, तिथल्या कुटुंबांनी स्वखुशीने दुसरीकडे घरं केली आणि वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात मात्र शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर कलेक्टरची परवानगी. १९४८ च्या कूळकायद्यातली ही अट गरीब शेतकऱ्याच्या रक्षणासाठी होती आणि ती चुकीची आहे असं मला वाटत नाही. पण निसर्गासाठी जमीन घेऊ पाहणाऱ्या न्यासाचीही ती वाट अडवते.

तिसरा मार्ग आपल्याच कायद्यात आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कम्युनिटी रिझर्व्ह ही तरतूद आली. गावाने किंवा एखाद्या मालकाने स्वतःहून तयारी दाखवली तर त्याची जमीन अशी जाहीर होऊ शकते. मालकी जात नाही. पण त्यानंतर जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी, दोन्ही लागतात. अमेरिकेतल्या करारातला बराचसा गुण यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक चांगली गोष्ट केली. रिझर्व्ह खासगी जमिनीवर असेल तर समितीत मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी असेल. मेघालय आणि नागालँडमधल्या गावांनी या तरतुदीचा सर्वात जास्त उपयोग केला आहे.

कोकणात मात्र हे सांगायला गेलं की पहिली प्रतिक्रिया भीतीची असते. जंगल नोंदवलं की सरकार घेणार. ही भीती हवेतली नाही. १९७५ च्या खासगी वनं संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातली खासगी वनं शासनाकडे गेली. छोट्या धारकांना जमीन परत देण्याची तरतूद पुढे आली. नोटिसा निघाल्या पण बजावल्याच गेल्या नाहीत अशा जमिनींचे वाद तर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत चालले. चाळीस वर्षं ज्याने हे पाहिलं, तो झाड वाढू द्यायला घाबरणारच. वाढलं की तोडा, म्हणजे प्रश्न मिटला, असा धडा यातून लोकांनी घेतला. मला वाटतं, कोकणातल्या जंगलाचं सर्वात मोठं नुकसान या धड्याने केलं आहे, आणि वनखात्याने गावोगाव बसून, लेखी देऊन ही भीती काढल्याशिवाय कुठलीही योजना इथे रुजणार नाही.

दरम्यान, जे होऊ शकतं ते करून दाखवणारी माणसं आहेत. पुण्याची एईआरएफ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) ही संस्था १९९४ पासून काम करते. संगमेश्वर तालुक्यात तिने देवरायांपासून सुरुवात केली आणि पुढे खासगी जंगलांच्या मालकांशी करार केले. ठरावीक वर्षं तोड करायची नाही, त्या बदल्यात मालकाला किंवा गावाला मोबदला. करार मुदतीचा असतो, कायमचा नाही, ही त्याची मर्यादा. पण तेवढ्या वर्षांत मालकाला जंगल राखून पाहता येतं. त्याच संस्थेने हिरडा आणि बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळवलं. झाड न दुखावता, काही फळं पाखरांसाठी सोडून गोळा केलेल्या फळांना त्यामुळे चांगला भाव मिळतो. ज्या बेहड्यात धनेशाची ढोली, त्याच बेहड्याखाली पडलेल्या फळांचे दरवर्षी पैसे. लाकूड म्हणून तो एकदाच विकला जातो.

आणि कायद्याच्या कितीतरी आधीची एक रीत. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथले महसीर मासे देवीचे मानले जातात, त्यांना कोणी धरत नाही. देवराई आणि हा डोह यांत लोकांनी हक्क सोडले ते देवाकडे. देव विकत नाही, वाटणी मागत नाही. आपल्या पूर्वजांनी न्यास निवडताना चूक केली नव्हती. देवराया आता रस्त्यांसाठी आणि देवळांच्या जीर्णोद्धारासाठी तुटतात, ते त्या जुन्या कराराची देखरेख करणारं कोणी उरलं नाही म्हणून.

आमच्या जमिनीचं काय झालं ते सांगतो. वारसनोंदी अपुऱ्या होत्या, म्हणून आधी तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज केला. मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावर असताना कुठलाही करार पुढे सरकत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. मग गणपतीत सगळे गावी आले तेव्हा पऱ्यावर गेलो. मुंबईचे तीन भाचे पहिल्यांदाच तिथे उतरले होते. घरी येऊन कागदावर चार ओळी लिहिल्या. पऱ्याच्या दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस फूट कोयती लावायची नाही. बेहडा आणि जांभूळ कुठेही तोडायचे नाहीत. जळणासाठी सुकं लाकूड आणि पडलेल्या फांद्या कोणीही न्याव्यात. हिस्सा विकायचा झाला तर आधी घरात विचारायचं, तीन महिने थांबायचं.

कायद्याने या कागदाला आज फारसं वजन नाही. वकिलांनी सुचवलंय की वारसनोंदी पुऱ्या झाल्या की तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेऊ आणि इतर हक्कांच्या रकान्यात त्याची नोंद होते का ते पाहू. त्याच वेळी ग्रामपंचायतीत कम्युनिटी रिझर्व्हबद्दल बोलायचं ठरलं आहे. हयात नसलेल्यांच्या जागी त्यांच्या वारसांच्या धरून पंधरा सह्या झाल्या आहेत. सुरतेच्या काकांना पऱ्या स्वतः पाहायचाय, ते शिमग्याला येणार आहेत. सतरावी सही मुंबईतल्या एका चुलत भावाची. त्याला पैशांची खरोखर गरज आहे आणि त्याच्या हिश्शाची रक्कम आम्ही उरलेल्यांनी हप्त्यांनी द्यावी का, यावर या आठवड्यात फोन सुरू आहेत.